दाराशी कोण असावे?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या आळीतील एका बंद घराचे कुलूप कोणीतरी रात्री तोडले. घरची मंडळी परगावी गेली होती. चोरट्यांच्या हाती तांब्यापितळेची थोडी भांडी आणि एक जुने घड्याळ ह्यापलीकडे फारसे लागले नाही. पण चोरी लहान असली तरी तिची धास्ती लहान नसते. दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या प्रत्येक घरी कड्याकोयंडे तपासले जाऊ लागले, आणि आमच्या घरी अठरा वर्षे मिटलेला एक विषय पुन्हा निघाला: कुत्रा पाळावा काय?

पाळावा, ह्यावर लवकरच एकमत झाले. मतभेद झाला तो कोणता पाळावा ह्यावर. चिरंजीवांचे म्हणणे असे, की पाळावयाचाच तर दारात उभा राहिल्याबरोबर पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरेल असा पाळावा. अल्सेशियन, डॉबरमन, निदान आपला मुधोळ तरी. सूनबाईंचे म्हणणे, घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि शहाऐंशी वर्षांच्या आजी आहेत. तेव्हा मांडीवर मावेल असा एखादा छोटा टेरियर आणावा. आमच्या आईंनी हिंचक्यावर बसून दोन्ही पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्याला दुपारी कोठे ठेवाल?"

त्या प्रश्नाने आम्ही उभयता गप्प झालो. का, ते पुढे येईलच. पण त्या रात्री आम्ही ठरविले, की ह्या वेळी हौसेने नव्हे, तर विचाराने कुत्रा आणावयाचा. पुढील दोन महिने आम्ही वाचले, विचारले, हिंडून पाहिले. त्यातून जे हाती आले ते आमच्यासारख्याच एखाद्या घराच्या उपयोगी पडेल, ह्या समजुतीने येथे मांडीत आहोत.

घराबाहेरचा की घरातला?

गायकवाड ह्या नावाची कथा बडोद्याच्या मराठी घरांतून लहानपणीच कानावर पडते. पूर्वज नंदाजी ह्यांनी कसायाकडे चाललेल्या गाई सोडवून आपल्या कवाडाआड घेतल्या, म्हणून 'गाय-कवाड' असे सांगतात. म्हणजे आपल्या राजघराण्याच्या नावातच एक दार आहे, आणि दार आले की दाराशी बसणारा आलाच. गायकवाडांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्याच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो. नर्मदाकाठी गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वतींनी १९१४ साली समाधी घेतली, आणि नारेश्वरला रंगावधूत महाराज राहिले. ह्या दोन्ही ठिकाणी जाणारी बडोद्याची मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि अशा घरांच्या देवघरात जी दत्ताची तसबीर असते तिच्यात पायाशी चार कुत्रे असतात; त्यांना आपण चार वेद मानतो.

असे असूनही त्याच घरांतून कुत्रा सोवळ्याला चालत नसे. ओसरीपर्यंत त्याचे राज्य, माजघराच्या उंबऱ्याशी ते संपे. महाभारताच्या अखेरीस धर्मराजापुढे हाच प्रश्न येतो: स्वर्गाच्या दारातून कुत्र्याला आत घेता येणार नाही, असे इंद्र म्हणतो, आणि ज्याने वाटेत आपली साथ सोडली नाही त्याला टाकून आपण आत जाणार नाही, असे धर्मराज म्हणतो. कुत्रा घराबाहेरचा की घरातला, हा प्रश्न असा फार जुना आहे. मोठा की छोटा हा प्रश्न दिसावयास निराळा, पण पुष्कळदा त्याच्या पोटी हाच जुना प्रश्न असतो. मोठा कुत्रा आपण दारासाठी आणतो, छोटा घरासाठी.

मराठी माणसाच्या मनात मात्र कुत्रा म्हटला की मोठाच येतो. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवितात. त्याने शिकारीत धन्याचे प्राण वाचविले अशी आख्यायिका आहे. रायगडावरील वाघ्याचा पुतळा तर सर्वांना ठाऊक आहे. ते स्मारक १९३६ सालचे. वाघ्याला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, असे इतिहासाचे अभ्यासक म्हणतात. त्यावरून वाद झाले, आणि २०१२ साली तो पुतळा काढून पुन्हा बसविला गेला. वाघ्याला लोकांच्या मनात घर करून दिले ते राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकाने. आणि हे गडकरी १८८५ साली जन्मले ते नवसारीस, म्हणजे त्या वेळच्या बडोदे संस्थानातच. चिरंजीवांच्या डोळ्यांपुढे असा एखादा वाघ्याच उभा होता. त्यांना दोष कसा द्यावा? अठरा वर्षांपूर्वी आमच्याही डोळ्यांपुढे तोच होता.

मोठ्या कुत्र्याचे काम

मोठा कुत्रा हा मुळात कामकरी प्राणी आहे, शोभेचा नव्हे. ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो तो खरा जर्मन मेंढपाळाचा कुत्रा. माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ साली असा एक कुत्रा निवडून त्यापासून ही जात पद्धतशीर वाढविली. दिवसभर मेंढरांच्या कडेने फेऱ्या घालणे, धन्याच्या एका खुणेवर वळणे, हे त्याचे काम. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हे नाव खुपू लागले, म्हणून त्याचे अल्सेशियन असे बारसे झाले. नाव बदलले, रक्तातील काम बदलले नाही. ज्याच्या पूर्वजांनी रोज कोसच्या कोस चालावे तो दोन खणांच्या ओसरीवर साखळीला बांधला, तर त्याची बुद्धी चपला फाडण्यात, दार ओरबाडण्यात आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जाण्यात खर्च होते. पुष्कळ लोक ज्याला कुत्र्याचा तापटपणा म्हणतात तो पुष्कळदा बेकारीचा परिणाम असतो.

मुधोळची कथा आपल्या अधिक जवळची. मुधोळ हे आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे, पण तेथे राज्य होते घोरपडे ह्या मराठा घराण्याचे. आसपासच्या मुलुखात व महाराष्ट्रात लोक ह्या कुत्र्याला कारवान म्हणतात. उत्तरेकडील तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज दक्षिणेत आले असे मानतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ह्या जातीची निगा राखली आणि एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज ह्यांना नजर केली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. आणि २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्ले शिक्षणासाठी मेरठला नेली.

ह्या कुत्र्याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु तो नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. क्षितिजावर ससा हलला की बाणासारखा सुटावयाचे हे त्याचे जन्माचे काम. त्याला उघडे माळरान हवे. रावपुऱ्याच्या रहदारीत एखाद्या मांजरामागे तो असा सुटला, तर त्याला हाक पोचण्याआधी रिक्षा पोचेल. शिवाय पुष्कळ मुधोळ स्वभावाने अबोल व परक्यांपासून अंग राखून असतात. येणाऱ्या प्रत्येक पावलाला भुंकून वर्दी देणे हा त्यांचा पिढीजात धंदा नव्हे.

मातीतला छोटा शिकारी

आता दुसरा पक्ष. 'टेरियर' हा शब्द लॅटिन 'टेरा' म्हणजे भूमी ह्यापासून आला. बिळात शिरून कोल्हा, घूस, उंदीर बाहेर काढावयाचा, ह्या कामासाठी इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांनी हे कुत्रे निपजविले. म्हणून ते लहान. बिळात मावले पाहिजेत. म्हणून ते धीट. अंधारात समोर दात असताना मागे सरून चालत नाही. आणि म्हणूनच ते भुंकरे. जमिनीखाली गेलेला कुत्रा कोठे आहे हे वर उभ्या असलेल्या धन्याला त्याच्या आवाजावरूनच कळावयाचे. सूनबाईंची समजूत होती की टेरियर म्हणजे मांडीवरचे खेळणे. ते खरे नव्हे. तोही कामकरीच, फक्त त्याची कामाची जागा निराळी.

गंमत अशी, की ज्या कुत्र्याचे चित्र एके काळी मराठी घराघरांत होते तो टेरियरच. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा निपर हा टेरियर रक्ताचा. तो १८९५ साली वारला. पुढे चार वर्षांनी फ्रान्सिस बॅरोड ह्या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र ग्रामोफोन कंपनीने विकत घेतले, आणि ते जगभर गेले. कुत्र्याच्या कानाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक: किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तरुणपणी बडोद्याच्या दरबारी गायक होते. पुढे त्यांनी टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात आवाज लावावयास शिकविले होते, अशी हकीकत संगीताच्या मंडळींत आजही सांगतात. त्याची जात कोणती ते आमच्या ऐकण्यात नाही. पण धन्याने वेळ दिला तर कुत्र्याचा कान कोठवर जाऊ शकतो, एवढे त्यावरून समजते.

टेरियरचे दोषही सांगितले पाहिजेत. तो उकरतो. तुळशीवृंदावन असो की नवी लावलेली मोगऱ्याची कुंडी, माती दिसली की त्याचे पंजे शिवशिवतात. तो हट्टी असतो. पालीवर भुंकतो, कावळ्यावर भुंकतो, आणि कधी कधी आपण का भुंकत आहोत हे त्यालाही ठाऊक नसावे असा भुंकतो. शेजार जवळचा असेल तर लहानपणापासून 'पुरे' हा शब्द त्याला शिकविल्यावाचून गत्यंतर नाही.

शेतावरची एक संध्याकाळ

मार्गशीर्षात आम्ही चिरंजीवांसह पादऱ्याकडे आमच्या मावसभावांच्या शेतावर गेलो. त्यांच्याकडे एक मोठा कुत्रा आहे. जात विचाराल तर सांगता येणार नाही, भरवाडांच्या कळपाबरोबर फिरणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला. भाजीपाल्याच्या शेतात रात्री रोझ, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरे शिरतात. एका रात्रीत महिन्याची मेहनत जाते. दिवस मावळला तसा तो कुत्रा उठला, अंग झाडले, आणि कोणी काही न सांगता कुंपणाच्या कडेने निघाला. पाऊण तासाने दुसऱ्या बाजूने परत आला, पाणी प्याला आणि पुन्हा निघाला. रात्रभर असेच. ना आरडाओरडा, ना धावाधाव. लांबवर कोठे खसफस झाली की दोनदा भारदस्त भुंकायचे, आणि तेवढे पुरत असे.

चिरंजीव मोहून गेले. म्हणाले, "दादाकाका, असा एक आम्हांला हवा."

मावसभाऊ हसले. "अरे, न्यायला हाच ने. पण तुमच्या वाड्यात ह्याला फेरी घालायला काय आहे? आठ दिवस बसेल, नवव्या दिवशी दार खाईल. कुत्रा चांगला दिसतो तो त्याच्या कामात दिसतो रे. काम इथे ठेवून नुसता कुत्रा नेता येत नाही."

परतताना गाडीत चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाले, "राजाला आपण काय काम दिले होते?"

राजाची दुपार

राजा आमचा अल्सेशियन. अठरा वर्षांपूर्वीचा. चौतीस किलो वजन, काळापिवळा दाट केसाळ झगा, उभे कान. रस्त्याने नेला की लोक थांबून पाहत, आणि आमची मान उगाच ताठ होई. त्याला आम्ही काय काम दिले होते? दारात दिसण्याचे. दुसरे काही नाही.

वैशाखातला लग्नाचा दिवस होता. सर्वजण कार्याला निघालो. आई म्हणाल्या, "त्याला आत माजघरात घ्या, ऊन फार आहे." आम्ही म्हणालो, घर बंद आहे, तो दारात असलेलाच बरा, मागच्या चौकात पत्र्याखाली सावली आहे, पाण्याचे भांडे आहे. साखळी बांधली आणि गेलो.

बारा वाजेपर्यंत सावली होती. त्यानंतर सूर्य फिरला. साखळी सावलीबरोबर फिरत नाही, हे आमच्या ध्यानात आले नाही. तापल्या पत्र्याखालची हवा भट्टीसारखी झाली असणार. भांडे त्याच्याच धडपडीत कलंडले असणार. चार वाजता परतलो तेव्हा तो आडवा पडला होता. जीभ गडद लाल, धाप थांबत नव्हती, डोळे आमच्याकडे होते पण ओळख नव्हती. दोघांनी उचलून रिक्षात घातला. डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीच तो गेला. घरावर चोर कधी आला नाही. राखण करता करता राजा गेला, तो आमच्या अडाणीपणाने.

कारण आम्हांला नंतर समजले, ते येथे सांगितलेच पाहिजे. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो. अंगातील उष्णता तो धाप टाकून, जिभेवरील ओलाव्याने बाहेर टाकतो. हवाच बेचाळीस अंशांची असली, कोंदट असली, पाणी नसले, की ही युक्ती हरते. कुत्र्याचे निरोगी तापमान सुमारे साडेअडतीस अंश सेल्सियस. ते एकेचाळीसच्या वर गेले की आतील अवयव बिघडू लागतात. थंड मुलखासाठी घडलेले दुहेरी केस, मोठे अंग, किंवा चपटे नाक असेल तर संकट लवकर येते. कुत्रा उन्हात अस्वस्थ धापू लागला, लाळ गाळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला लगेच सावलीत घ्यावे, अंगावर गार पाणी ओतत राहावे, पंखा लावावा, पिऊ शकत असेल तर थोडे थोडे पाणी द्यावे, आणि हे करीत असतानाच पशुवैद्याकडे निघावे. वैशाखात फिरावयास नेण्याची वेळ सूर्योदयापूर्वी किंवा रात्री. डांबरी रस्त्यावर आपला तळहात सात-आठ सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

लहान कुत्र्यालाही ऊन मारते, हे विसरू नये. फरक एवढाच, की लहान कुत्र्याला आपण सहज घरात घेतो आणि मोठ्याला 'दारात असू दे' म्हणतो.

हिशेब

आता व्यवहाराची बाजू. तीस किलोंच्या चपळ कुत्र्याला दिवसाला साधारण चौदाशे कॅलरींचे अन्न लागते, आठ किलोंच्या टेरियरला सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे खर्च पावणेतीनपट. औषधे वजनावर देतात, तेव्हा तोही खर्च त्याच मापाने वाढतो. आयुष्य मात्र उलट्या मापाने चालते. अल्सेशियन नऊ ते तेरा वर्षे जगतो, छोटे टेरियर बारा ते पंधरा. ह्याचा विचार तरुणांनी आनंदाने करावा, आणि आम्ही सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी काळजीपूर्वक. आम्ही चिरंजीवांना स्पष्ट विचारले: आमच्या मागे हा कोणाचा? त्यांनी 'माझा' म्हटल्यावरच पुढचे पाऊल टाकले. ज्या घरी ह्या प्रश्नाला उत्तर नाही त्या घराने पिल्लू आणू नये. त्यापेक्षा प्रौढ, शांत कुत्रा आसरा देऊन ठेवावा.

आणखी एक माप हाताच्या ताकदीचे. पस्तीस किलोंचा कुत्रा मांजर पाहून एकदम ओढू लागला, तर घरातील सर्वांत अशक्त माणसाच्या हातून दोरी सुटता कामा नये. आमच्या आई काठी टेकीत चालतात. प्रेमाने अंगावर आलेला मोठा कुत्राही त्यांचे खुब्याचे हाड मोडू शकतो.

शाकाहारी घरांना नेहमी पडणारा प्रश्न: आमच्या पोळीभातावर तो जगेल काय? कुत्रा लांडग्याच्या वंशातला असला तरी माणसाच्या सहवासात पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती त्याच्यात वाढली आहे. उप्पसाला येथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली हे त्याच्या जनुकांतून दाखविले. तरीही नुसत्या पोळी-दुधावर त्याचे पोषण होत नाही. प्रथिने लागतात, अंडी, पनीर, दही, शिजविलेली डाळ ह्यांचा मेळ पशुवैद्याला विचारून बसवावा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासमान. प्रेमाने दिलेली चकली-मिठाईदेखील नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे: रेबीज. कुत्रा मोठा असो की छोटा, पिल्लू तीन महिन्यांचे झाले की प्रतिबंधक लस, आणि पुढे वैद्य सांगतील त्या वेळी न चुकता पुन्हा. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची काही लावू नये. पोटात चौदा सुया घेण्याची जुनी भीती आता सोडावी. ती जुनी लस भारतात २००४ अखेर बंद झाली. आताच्या लशीच्या सुया थोड्या असतात आणि दंडात देतात. मात्र नेमलेला एकही दिवस चुकवावयाचा नाही. हा रोग एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही. कुत्रा आणण्याआधी आपल्या महानगरपालिकेचे नोंदणीचे नियमही विचारून घ्यावेत.

निर्णय

एवढे सगळे झाल्यावर एका रविवारी आम्ही पुन्हा बसलो. मावसभावांचे वाक्य डोक्यात होते. आम्ही प्रश्नच फिरवून घेतला: मोठा की छोटा, हे नव्हे, आमच्या ह्या घरात कुत्र्याला करण्यासारखे काम कोणते?

चोराला अडविणे? ते कडीचे आणि कुलपाचे काम. ते आम्ही सुताराला बोलावून त्याच आठवड्यात करून घेतले. नव्या बिजागऱ्या, आतून आडणा, मागच्या दाराला लोखंडी पट्टी. वर्दी देणे? ते लहान कुत्राही करतो, आणि टेरियर तर जरा जास्तच करतो. रात्री चोराला नको असतो तो दात नव्हे, आवाज. तिसरे काम आईंनी काढले. म्हणाल्या, "आणि घुशी?"

जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना अधिक सांगावयास नको. आमच्या मागच्या चौकात घुशींनी फरशीखाली अशी पोखरण केली आहे, की दोनदा जमीन खचली. औषधे झाली, सापळे झाले. म्हणजे आमच्या घरात काम होते ते नेमके टेरियरच्या पिढीजात धंद्याचे. सर्वजण हसले, आणि निर्णय झाला.

उत्तरायण होऊन गेल्यावर, म्हणजे आतषबाजी आणि मांज्याचा धोका टळल्यावर, एका परिचितांकडील पिल्लू आम्ही आणले. टेरियर रक्ताची, पण शुद्ध जातीचा दाखला नसलेली मादी. आणली तेव्हा नऊ आठवड्यांची. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, हे आम्ही कटाक्षाने पाळले. नातीने नाव ठेवले चिंगी. घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसालाही होतो. म्हणून त्याची लस आधी टोचून घेतली आणि चिंगीने मारलेली घूस कोणीही उघड्या हाताने उचलावयाची नाही असा नियम केला. नियम वेळेवर केला म्हणायचे. श्रावणात तिने पहिली घूस मारली आणि ती थेट सूनबाईंच्या पायाशी आणून ठेवली. सूनबाई पाटावर चढल्या. चिंगी शेपूट हलवीत शाबासकीची वाट पाहत राहिली.

तक्रारी आहेत. मोगऱ्याची कुंडी तिने दोनदा उलथली. दूधवाल्यावर ती अजून रोज भुंकते. नवरात्रात गरब्याचे ढोल सुरू झाले की माळ्याच्या जिन्याखाली जाऊन बसते. तेथे तिच्यासाठी जुने पोते घालून ठेवले आहे. चिरंजीव शेजाऱ्यांना सांगताना अजूनही 'छोटी आहे, पण' अशी सुरुवात करतात. पुढेमागे शेतावर राहावयास गेलो तर मोठा कुत्रा पाळू, असेही म्हणतात. पाळावा, तेथे फेरी घालावयास कुंपण असेल.

यंदाचा वैशाखही कडक होता. एका दुपारी दोन वाजता आम्ही बाहेरून आलो. वाडा शांत होता, चौकातला पत्रा तापून कडकडत होता. आत माजघरात आई हिंचक्यावर डोळे मिटून पडल्या होत्या. खाली गार फरशीवर, पाण्याच्या भांड्याला नाक लावून चिंगी झोपली होती. आमच्या पावलांनी तिने एक कान उचलला, ओळख पटवून घेतली आणि पुन्हा टेकला. आई डोळे न उघडताच म्हणाल्या, "दार लावून घ्या. ऊन आत येतंय."

आम्ही दार लावून घेतले.